डावीकडनं तीन बोटं

वन्सं, तुमची काचेची बाटली अजून खिडकीच्या खिळ्यालाच आहे. दहावं झालं, तेरावं झालं. भेटायला येणारी माणसं कपबशी हातात धरून तिच्याकडे बघतात आणि हळूच विचारतात, काकी, हे सलाईन कुणाला लावलं होतं? मी सांगते, चिवड्याच्या पुडीला. दुःखानं हिच्या डोक्यावर परिणाम झाला असं वाटत असेल त्यांना. तुम्ही असता तर हसला असता, तोंडाला पदर लावून, नुसते खांदे हलवत. कंपनीत इतकी वर्षं काढलीत, पण हसणं काही तुमचं बदललं नाही.

तुमचे दादा म्हणाले, काढून ठेव ती बाटली, बघवत नाही. मी म्हटलं, राहू द्या. माझं काम आहे अजून तिच्याशी.

खरं सांगू का, तुम्ही रिटायर होऊन माहेरी राहायला आलात ना, तेव्हा मला फार काही आनंद झाला नव्हता. नणंद चार दिवसांची पाहुणी बरी. कायमची नको. त्यात तुम्ही एसटीतून उतरलात त्या कपड्यांची एक पिशवी आणि काचेच्या सामानाचं एक खोकं घेऊन. पहिलं वाक्य काय बोललात? "वैनी, ह्या खोक्याला हात लावू नगा." मीही म्हटलं, "मला काय माझी भांडी कमी पडल्यात व्हय?" झालं आपलं स्वागत. आणि महिन्याभरात तुम्हीच मला हाका मारत होतात, वैनी, जरा घड्याळ धरा. पुढं घड्याळ धरायचं काम माझंच झालं. दुसऱ्या कुणाच्या हातात तुम्ही दिलंच नाहीत.

तुमच्या नोकरीचं मला कधी नीट कळलंच नव्हतं. लोकांना मी सांगायचे, वन्सं औषधाच्या कंपनीत आहेत. लोकांना वाटायचं तुम्ही औषध करता. तुमचं काम भोकं शोधायचं. गोळ्यांच्या पाकिटांना, पावडरच्या पुड्यांना डोळ्याला न दिसणारं भोक आहे का, आणि असेल तर केवढं. मी म्हटलं, न दिसणाऱ्या भोकाचं माप कसं काढता? तर म्हणालात, भोक दिसत नसलं तरी त्यातनं जाणारी हवा मोजता येती. हवा किती जाती त्यावरनं भोक केवढं ते कळतं. मला ती थाप वाटली होती. वाटली ती वाटली, आता काय लपवायचं.

आमच्या बचत गटाचं तेव्हा बरं चाललं होतं. अकरा बायका, विंझरच्या रस्त्याला भाड्याची एक खोली, पायानं दाबायचं सीलिंग मशीन आणि नायट्रोजनचा एक सिलिंडर. नाचणीचा चिवडा करायचा, पुडीत भरायचा, वर नायट्रोजन सोडून तोंड चिकटवायचं. पुडी गालासारखी फुगली पाहिजे. राजगडावर जाणारी पोरं पालीत टपरीवर थांबतात, चार चार पुड्या सॅकमध्ये टाकून चढायला लागतात. आपल्या ह्या डोंगरातल्या हवेत उघडा चिवडा तासाभरात सादळतो, तर आमचा महिनाभर कुरकुरीत. माझ्या बोलण्यात तेव्हा जरा जास्तच 'आमचा' असायचा.

आणि मग दसऱ्यानंतर पालीच्या टपरीवाल्यानं पोतंभर पुड्या परत पाठवल्या. सगळ्या बसलेल्या, म्हाताऱ्या गालासारख्या. फोनवर म्हणाला, "काकी, ह्यो चिवडा हाय का भिजवल्यालं पोहं? पोरं माझ्या अंगावर येत्यात." मी पुडी फोडून तोंडात टाकली. चावायला आवाजच नाही.

त्या दिवशी मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. पण ते इथं लिहायलाच हवं, त्याशिवाय पुढचं सगळं फुकट आहे.

पुड्या भरायचं काम सुनंदाचं. ओढ्यापलीकडची सुनंदा, सगळ्यांत झटपट हात तिचा. कोपराकडे सरकवलेल्या हिरव्या बांगड्या, भरताना खाली घसरायच्या, पुडीवर वाजायच्या. एका पुडीवर मला ओरखडा दिसला. एकाच. तेवढ्यावर मी सगळ्या बायकांपुढं म्हणाले, "तुझ्या काकणांनी भोकं पाडलीत. उद्यापासनं बांगड्या काढून ये, न्हाईतर येऊ नगं."

तिचा नवरा टेम्पो घेऊन बाहेरगावी होता, दोन दिवस त्याचा फोन लागत नव्हता. हे मला नंतर कळलं. पण नसतं कळलं तरी काय, सवाष्ण बाईला चारचौघींत बांगड्या काढ म्हणायचं असतं का? हे मला कुणी शिकवायला नको होतं. सुनंदानं हातातली पुडी पुरी भरली, खाली ठेवली, चपला घातल्या आणि गेली.

मी घरी येऊन तुम्हाला फुशारकीनं सांगितलं, चोर सापडला. तुम्ही भाकरी थापत होतात. थापायच्या थांबलात. म्हणालात, "मला बी गेटवर बांगड्या काढाय लागायच्या, वैनी. रोज. पर बायकांच्या खोलीत, दार लावून. माझ्या मी काढायचे, माझ्या मी डब्यात ठेवायचे. कुणी चारचौघांत म्हनलं न्हाई कधी." आणि मग तव्यावरची करपलेली भाकरी उलटली. तुमच्या हातची करपलेली तेवढी एकच भाकरी मी खाल्ली असेन.

मी तेव्हाही वाद घातलाच. म्हटलं, कंपनीनं काढायला लावल्या ते बरोबर, मी म्हटलं तर चूक? तुम्ही म्हणालात, "चूक का बरोबर ते मागनं बघू. आदी भोक तर बघू."

पुढचा रविवार आला, खोली बंद. दुपारी तुम्ही खोकं उघडलंत. सलाईनच्या दोन बाटल्या, एक खिडकीच्या खिळ्याला, एक खाली बुचानं बंद. वरच्या बाटलीतलं पाणी खालच्या बाटलीत उतरायचं आणि तिथली हवा पुढं ढकलायचं. हवा जायची खुणा केलेल्या काचेच्या नळीतून, तिथून सुईतून पुडीत. सुई टोचायची त्या जागी सायकलच्या पंक्चरच्या रबराचा तुकडा चिकटवलेला, म्हणजे सुईच्या कडेनं काही जायला नको. पुडी दोन पाटांमध्ये दाबून ठेवलेली. आधी पुडी ताठ होते, मग नळीतली हवा पुडी गळते तेवढीच सरकते. ती सरकते हे दिसावं म्हणून नळीत साबणाचा पडदा. बोटाएवढाही नाही, करंगळीच्या नखाएवढा. हवेबरोबर तो ह्या खुणेपासून त्या खुणेपर्यंत चालत जायचा. किती वेळात जातो ते मी घड्याळात बघायचं.

त्या पडद्यावरून आपलं काय भांडण व्हायचं. तुमचा भांड्यांचा साबण फुटायचा, निम्म्यातच. मी म्हटलं, रिठा उकळून देते. तुम्ही नाक मुरडलंत, म्हणालात, हे शास्त्र हाय, न्हाणी न्हाई. शेवटी रिठ्याचाच पडदा टिकला, शेवटच्या खुणेपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी तुम्हीच अंगणातले रिठे वेचून आणलेत. मला तेवढं पुरलं.

परत आलेली पुडी लावली. पाणी एक वीत उंच. पडदा निघाला. बाई गं, मला वाटलं होतं पुडीला भोक म्हणजे फुस्स जाईल. हा आपला नव्या नवरीसारखा चालतोय. चाळीस सेकंद. तुम्ही कागदावर काहीतरी आकडेमोड केलीत आणि म्हणालात, तुमच्या वेणीतल्या एका केसाच्या जाडीएवढं भोक.

मी म्हटलं, बघा, काकणाचं टोक.

तर तुम्ही म्हणालात, हे नुसतं समजुतीचं भोक. म्हणजे एकच गोल भोक असतं तर ते एवढं असतं. खरं काय, एक हाय का चार हायत, गोल हाय का चपटं, ते ह्या आकड्यात न्हाई. ह्याच्यावर मी जी हटून बसले ती शेवटपर्यंत. नसलेल्या भोकाचं माप काढून उपयोग काय? तुम्ही म्हणायचात, छपरातनं पाणी गळतं तेव्हा बादली किती वेळात भरली त्यावरनं कौल किती सरकलाय ते तुमी वळखता का न्हाई? मी म्हणायचे, मी वर चढून बघते. तुम्ही म्हणायचात, सगळीकडं चढता येत न्हाई, वैनी. हा वाद आपला अर्धाच राहिला. भाजी निवडताना निघायचा, अंगणात झोपाळ्यावर निघायचा. आता भाजी निवडताना मीच दोन्ही बाजूंनी बोलते आणि दोन्हीकडनं मीच हरते.

पण त्या दिवशी तुम्ही तिथंच थांबला नाहीत. एक चांगली पुडी घेतलीत, शिवायच्या बारीक सुईचं नुसतं टोक तिला टेकवलंत आणि लावलीत. एका वितीला तीस सेकंद. पाणी दोन वितींवर नेलंत. एकवीस सेकंद. म्हणालात, ध्यानात ठेवा. मग पुन्हा परत आलेली पुडी. एका वितीला चाळीस. दोन वितीला मी घड्याळ डोळ्यांपाशी धरून बसले. वीस. बरोबर निम्मे.

मला काही कळलं नाही. तुमच्या चेहऱ्यावरून एवढं कळलं की काहीतरी झालंय. मग मला समजेल असं सांगितलंत. टोचलेलं भोक म्हणजे दार. उंबरा ओलांडला की बाहेर. तिथं दाब दुप्पट केला तरी हवा दुप्पट जात नाही, दीडपटीच्या आतच राहते. पण लांब अरुंद बोळ असला, की हवेला दोन्हीकडच्या भिंतींना घासत जावं लागतं. तिथं दाब दुप्पट केला तर हवाही दुप्पट. "हे काकणाचं न्हाई, वैनी," म्हणालात. "काकणानं दार पडतं. हा बोळ हाय. पुडीच्या कागदाला भोकच न्हाई, जिथं तोंड चिकटवलंय त्या शिवणीत आरपार बोळ हाय."

मग पोत्यातल्या बाकीच्या पुड्या पाण्यात दाबून धरल्या. बारीक बुडबुडे, प्रत्येक पुडीला चिकटवलेल्या तोंडाशी एकाच जागी. डावीकडनं तीन बोटं.

खोलीची किल्ली माझ्याकडेच असायची. आपण दोघीच गेलो. तुम्ही मशीनचा जबडा उघडलात, चष्मा कपाळावर ढकललात, तुम्हाला जवळचं चष्म्याशिवायच दिसायचं. आणि डावीकडनं तीन बोटांवर नखानं खरवडलंत. नखावर लाल पापुद्रा आला. त्यात एक तांदळाची कणी, भाजून तपकिरी झालेली.

वन्सं, तुम्ही माझ्याकडे बघायच्या आधी मला कळलं होतं. खंडेनवमीला सगळ्यांच्या घरी विळे, कोयते, पाटा-वरवंटा पूजतात. मी म्हटलं, आपल्या अकराजणींचं पोट ह्या मशीनवर, त्याची पूजा नको का? बायका म्हणाल्या होत्या, वरनं कुंकू लावा काकी. मी म्हटलं, वरनं काय लावायचं, जे तोंड काम करतं त्याला लावायचं. ओल्या हळदीकुंकवाचं बोट मीच जबड्यात फिरवलं, वर अक्षता मीच चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी फडक्यानं पुसलं ते आपलं वरवरचं. मशीन तापलं, कुंकू भाजून घट्ट बसलं, त्याच्या पोटात कणी. त्यानंतरच्या एकूण एक पुडीच्या तोंडावर माझं बोट उमटत होतं.

तुम्ही ती कणी तळहातावर घेऊन माझ्यापुढं धरलीत. रागावला असता तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "भोक कुठं हाय ते म्या सांगितलं. कुणाचं हाय ते तुमी सांगा."

आणि मी दुसऱ्या दिवशी बायकांना सांगितलं, मशीनची पट्टी झिजली होती, बदलली.

का असं केलं? लाज वाटली. चौथी शिकलेली बाई गटाची अध्यक्ष झाली, तिला वाटलं पूजेची चूक सांगितली तर उद्या कोण ऐकेल. त्यात एक बाई म्हणाली, मग सुनंदाला बोलवू या का? मी म्हटलं, बघू, तिचं तिला वाटलं तर येईल. ह्या 'बघू'मध्ये एक वर्ष गेलं. सुनंदा पालीला हॉटेलात भाकऱ्या थापायला जाऊ लागली. सकाळच्या जीपमध्ये कधी दिसली तर मी खिडकीबाहेर बघायचे.

तुम्ही दोनदा विचारलंत. एकदा तुळशीपाशी, एकदा दळण आणताना. दोन्ही वेळा मी म्हटलं, जाते. मग तुम्ही विचारायचं सोडलंत आणि आपलं बरं चाललं, खोटं कशाला बोलू, फारच बरं चाललं. रोज प्रत्येक घाण्यातली एक पुडी आपण नळीला लावायचो. पडदा जागचा हलला नाही की तुम्ही म्हणायचात, बसलाय गुमान. मग चहा. पन्नाशी उलटल्यावर मला मैत्रीण मिळाली, ती पण सासरच्या माणसांतली. हे तुम्हाला कधी म्हटलं नाही. नणंदेला कोण म्हणतं असलं काही.

मग तुम्ही आजारी पडलात, आणि भोरच्या दवाखान्यातली ती शेवटची सकाळ. मी केस विंचरत होते तुमचे. तुम्ही एकदम विचारलंत, "सुनंदाकडं?" एवढंच. मी म्हटलं, उद्या जाते, तुमी घरी आलात की. तुम्ही माझ्याकडे तसंच बघितलंत, जसं पडद्याकडे बघायचात. हलतो का, न हलता बसतो. मग डोळे मिटलेत. मी विंचरत राहिले.

तेराव्यानंतर तुमचा तो गेटवरचा बांगड्यांचा डबा उघडला. चार जुन्या बांगड्या, आणि त्यांच्यामध्ये एक छोटीशी पुडी, तुमच्या हातची, चारी बाजूंनी चिकटवलेली, टम्म फुगलेली. आत ती कणी. वर्ष झालं तिला. मी अंगठ्यानं दाबली, तशीच ताठ. तुम्ही ना वन्सं, हवासुद्धा सोडली नाहीत.

दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडून गेले. सुनंदा जीपवरून उतरून पाय धूत होती. मला बघून तिनं पाट टाकला, पाणी दिलं, शोक झालेल्या घरच्या बाईला देतात तसं. मी ती पुडी तिच्या हातात ठेवली आणि सगळं सांगितलं. कुंकू, अक्षता, तीन बोटं, पट्टीचं खोटं. ती पुडी उजेडात धरून बघत बसली होती.

मग म्हणाली, "कमलआत्या यायच्या म्हैन्या दोन म्हैन्यानं. चा घ्यायच्या, बसायच्या. म्या इचारलं एकदा, माजी चूक व्हती का, आत्या? म्हनल्या, न्हाई. मग कुणाची? तर म्हनल्या, वैनी येतील सांगाय. त्यास्नी वाईच येळ लागंल, पर येतील."

तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत की तुम्ही तिथं जाता. मी पदर डोळ्यांना लावला. सुनंदानं मला रडू दिलं, पण उठून जवळ आली नाही, आणि ते बरोबरच होतं.

मी म्हटलं, चल परत. तिनं पुडी माझ्या हातात परत दिली. म्हणाली, "घरी यून सांगितलंसा, बरं केलंसा. पर काकणं काढ म्हनला व्हता ते समद्यांम्होरं."

म्हणून हे लिहिलं, वन्सं. चार दिवस लागले, तुमच्या दादांनी दोनदा विचारलं की कुणाला एवढी लांब चिठ्ठी. उद्या आपल्या घरी गटाची बैठक आहे. आधी तुमच्या फोटोला हार घालायचा, मग हे मी वाचायचं, असं ठरलंय. बायकांना वाटतंय काकी नणंदेच्या चार आठवणी सांगणार. सुनंदा येते म्हणालीय, दारापाशी बसेन म्हणाली. ऐकून मग ठरवणार आहे ती. ठरवू दे. सगळ्यांना दाखवायला सकाळीच मी खिडकीशी बाटली भरून ठेवली, रिठे भिजत घातलेत.

बायांनो, आणि सुनंदा, तू पण. ज्या पुड्या परत आल्या त्यांना सुनंदाच्या काकणांनी भोक पाडलं नव्हतं. मशीनची पट्टीही झिजली नव्हती.

वन्सं, तुम्ही म्हणाला होता, कुणाचं हाय ते तुमी सांगा.

डावीकडनं तीन बोटं. ते माझं होतं.